मागच्या सीटचा अभिप्राय

साहित्य आणि समीक्षा यांची चर्चा जेथे चालते तेथे मोटारखरेदीचा विषय काढणे काही वाचकांना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवणाऱ्या ना. सी. फडके यांनी लघुनिबंधाचा पुरस्कार करून किरकोळ वाटणाऱ्या विषयांना मराठीत केव्हाच प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. तेव्हा विषय लहान आहे म्हणून निदान कोल्हापूरकरांनी तरी क्षमा मागण्याचे कारण नाही. शिवाय हा विषय आमच्या व्यवसायापासून वाटतो तितका दूरही नाही. २०२५ साली गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंतचा सुमारे दीड महिना आम्ही एकीकडे गाड्या चालवून पाहत होतो आणि दुसरीकडे लोकांची मते गोळा करीत होतो. अनुभव आणि अभिप्राय यांचे नाते काय, त्यांपैकी कोणावर किती भरवसा ठेवावा, हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षे हाताळत आलो आहोत. या वेळी तो आमच्या बचतीशी आणि घरातल्या एका वृद्ध माणसाशी येऊन भिडला, एवढाच फरक.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. एक महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरी अर्थशास्त्र. घरात बारावीतली मुलगी आणि त्र्याऐंशी वर्षांचे बाबा. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांचे गाव गगनबावड्याच्या रस्त्याला आहे. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत आणि हृदयाच्या दुखण्यामुळे शस्त्रक्रिया करू नये असा डॉक्टरांचा सल्ला आहे. आमची जुनी गाडी चौदा वर्षांची आणि अंगाने बुटकी. तिच्या मागच्या सीटवरून बाबांना उठवायला दोन माणसे लागत : एकाने बगलेत हात घालायचा, दुसऱ्याने पाय बाहेर घ्यायचे. गावच्या पारासमोर, ज्यांना आपण पाढे शिकवले त्या माणसांच्या देखत, आपल्याला असे उपसून काढले जाते हे त्यांना सोसेना. त्यांनी गावी जाणे बंद केले. कारण विचारले की उन्हाळ्यात ऊन सांगत आणि पावसाळ्यात पाऊस. अशी दोन वर्षे गेली. नवी गाडी घ्यायची ती बाबांना गावी जाता यावे म्हणून, हे घरात कोणी उच्चारले नव्हते. पण सर्वांना ठाऊक होते.

बाबांच्या तरुणपणी हा प्रश्नच नसता. त्या पिढीला मोटार निवडावी लागत नसे, तिची वाट पाहावी लागे. अँबॅसडर किंवा फियाट, फार तर स्टँडर्ड हेराल्ड. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षे मोजायची. १९८३च्या १४ डिसेंबरला पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हापासून चित्र हळूहळू पालटले. तोवर बहुसंख्य लोकांसाठी मोटार ही दुरून पाहण्याची वस्तू होती. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते आणि लोक आजही तिच्याकडे देवाच्या पालखीकडे पाहावे तसे पाहतात. मेबॅकविषयी कोणी मत देत नाही. मत द्यायला पर्याय लागतात. आज पर्याय इतके आहेत की मतांचा पूर आला आहे.

त्यातही कोल्हापूर म्हणजे यंत्राविषयी मत असणाऱ्यांचे गाव. शिवाजी उद्यमनगरातील लेथ, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्या यांत या शहराचे हात काळे झालेले आहेत. वाहनांचे सुटे भाग येथे ओतले जातात, घासले जातात आणि पुण्या-चेन्नईच्या कारखान्यांकडे रवाना होतात. त्यामुळे येथे इंजिनाबद्दल बोलणारा माणूस पुष्कळदा ऐकीव बोलत नाही. त्याने त्या लोखंडाचा रस वाहताना पाहिलेला असतो.

आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्या प्रत्येकाने उत्तर दिले; कोणी 'मला माहीत नाही' म्हणाले नाही. शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी स्वतःकडे असलेलीच गाडी घ्या असे आग्रहाने सांगितले. पुण्याच्या भाच्याने चाळीसेक व्हिडिओ परीक्षणे पाहिली होती. "मामा, सनरूफ नसेल तर घेताच कशाला?" असे त्याने विचारले. या भाच्याने आजवर स्वतः एकही गाडी विकत घेतलेली नाही. फाउंड्रीत नोकरी करणाऱ्या दाजींनी सनरूफकडे ढुंकूनही पाहिले नाही. "वर काय आहे ते सोडा, बॉनेट उघडा" म्हणाले आणि सिलिंडर हेडविषयी अर्धा तास बोलले. उद्यमनगरातला आमचा जुना मिस्त्री सर्वांत कमी बोलला : "सर, गाडी घेताना मानूस इंजिन बघतोय, इकताना पत्रा बघतोय. मधली धा वर्सं कोन बघतंय? ती मी बघतो." आणि ज्या गाडीचे सुटे भाग दोन दिवसांत मिळत नाहीत ती त्याने आमच्या यादीतून जागच्या जागी काढून टाकली.

शिरोळ तालुक्यातल्या मामांना आम्ही ग्राउंड क्लिअरन्सबद्दल विचारले. त्यांच्या गावाने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर अंगावर घेतले आहेत. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वेळी शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, ही आठवण कोल्हापुरात कोणाला करून द्यावी लागत नाही. शोरूममध्ये क्लिअरन्सचे मिलिमीटर अभिमानाने सांगितले जातात. मामा म्हणाले, "पान्यातनं गाडी जाईल का हे इचारूच नगो. पानी असलं तर गाडी काढायचीच न्हाई. पान्यात चालू केलेलं इंजिन गेलं तर साधा विमा हात वर करतोय, त्येचं कलम येगळं घ्यावं लागतंय, ते घे." आम्ही क्लिअरन्सविषयी विचारले होते आणि उत्तर विम्याविषयी मिळाले, त्या दीड महिन्यात मिळालेल्या उत्तम सल्ल्यांत त्याची गणना करावी लागेल. याच मामांचा ऊस कारखान्याला जातो, त्या कारखान्यात इथेनॉल होते, आणि २०२५पासून पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलहून कमी, म्हणून मायलेज काहीसे घटते. एका खिशात उसाचे बिल आणि दुसऱ्या खिशातून पेट्रोलचे पैसे, असा हिशेब असणाऱ्या माणसाचे इथेनॉलविषयीचे मत आणि शहरातल्या नोकरदाराचे मत एक कसे असावे?

मतांचा हा ढीग उपसताना न्यायदर्शनाची आठवण झाली. ज्ञानाची चार साधने तेथे मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील शब्द हे प्रमाण केव्हा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती वस्तू खरोखर ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही दुहेरी कसोटी लावली की ढीग झपाट्याने कमी होतो. शोरूममधल्या विक्रेत्याला गाडी ठाऊक असते, पण जशीच्या तशी सांगण्याची त्याला मोकळीक नसते. भाच्याची इच्छा निर्मळ असते, पण वस्तू त्याला ठाऊक नसते. बँक अधिकाऱ्यांना गाडी ठाऊक आहे आणि ते खोटेही बोलत नाहीत. परंतु आपल्यामागे आणखी एकाने तीच गाडी घेतली की आपली निवड बरोबर होती याचा त्यांना आणखी एक पुरावा मिळतो. अर्थशास्त्र शिकवणारीने यात भर घातली ती अशी की, ज्यांच्या गाडीला काहीच होत नाही ते गप्प असतात. ज्यांची गाडी घाटात बंद पडली त्यांची गोष्ट जिल्हाभर फिरते. म्हणून गोष्ट किती रंगतदार आहे यावरून बिघाड किती सर्रास आहे हे ठरवू नये.

मग प्रत्यक्षाकडे वळलो. 'दुसऱ्याचे ऐकू नका, स्वतः चालवून पाहा' हा उपदेश सर्वांनी केला होता. 'समीक्षा नंतर, आधी मूळ पुस्तक वाचा' असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, त्याचाच हा मोटारी अवतार. तीन गाड्या ठरल्या. त्यांची नावे येथे देत नाही, आणि त्यामागे भिडस्तपणा नाही, कारण आहे. ते पुढे येईल. चालवायला मिळालेल्या गाड्यांच्या रंगांवरून त्यांना पांढरी, निळी आणि राखाडी म्हणू.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे प्रत्यक्ष खरे, पण ते कोणाच्या हातचे प्रत्यक्ष? महामार्गालगतचा गुळगुळीत रस्ता, दहा-पंधरा मिनिटे, एसी आधीच सुरू, शेजारी बोलता विक्रेता. दाखवायला ठेवलेली गाडी बहुतेक वेळा सर्वांत महागड्या प्रकारातली असते. आपण घेणार त्याहून तिची सीट मऊ, टायर रुंद. पुस्तकाच्या दुकानात उभ्याउभ्या पहिले पान वाचावे, आणि ते पानही प्रकाशकाने निवडून दिलेले असावे, तसा हा प्रकार. म्हणून आम्ही आमचा रस्ता मागितला : राजारामपुरीच्या गल्ल्या, टेंबलाई टेकडीचा चढ, मग गंगावेशीची गर्दी, रंकाळ्याच्या कडेने फुलेवाडी आणि तिथून गगनबावड्याच्या वाटेवर काही किलोमीटर. आणि गाडीत चौघे, रोज असतात तसे. चालवणारा पुढे, बाबा मागे. दोन ठिकाणी लगेच होकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी वरिष्ठांची परवानगी आणावी लागली. तेथे सोबत आलेल्या तरुणाने फुलेवाडीपाशी हळूच सांगितले, "सर, गिऱ्हाईक गाडी चालवून बघतं ते मनाच्या समाधानासाठी. घेतं ते शेजाऱ्यानं सांगितलेलीच." अनुभव घेऊनही माणसे अभिप्रायावर का विसंबतात? पंधरा मिनिटांच्या अनुभवातून दहा वर्षांचे काही कळत नाही हे त्यांना आतून ठाऊक असते, म्हणूनच असावे.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथाचा पाया तोच. नाव झाकले की मान्यवरांच्या कविता नापसंत होतात आणि सामान्य कविता डोक्यावर घेतल्या जातात, हे त्यातून दिसले. आम्ही तो प्रयोग घरात वेगळ्या रीतीने केला. गाडीचे बोधचिन्ह झाकता येत नाही. पण एकमेकांचे मत झाकता येते. प्रत्येक फेरीनंतर गाडीविषयी एक अक्षरही न बोलता घरी यायचे, चौघांनी चार चिठ्ठ्या लिहायच्या आणि तिन्ही गाड्या झाल्यावरच त्या उघडायच्या. या लेखात गाड्यांची नावे नाहीत ती याच कारणाने. नाव वाचले की वाचकाच्या मनात असलेले मत जागे होते आणि आमचे म्हणणे त्याखाली दबून जाते.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा प्रथम गोंधळच दिसला. निळीचे स्टेअरिंग एकाला 'लोण्यासारखे' वाटले होते, दुसरीला 'बेभरवशाचे'. पांढरीचा आवाज मुलीच्या मते असह्य होता. बाबांनी त्याचा उल्लेखही केला नव्हता. राखाडीची सीट एका चिठ्ठीत 'कडक' होती आणि दुसरीत 'पाठ धरणारी'. 'अभिरुची ज्याची त्याची' असे म्हणून येथे थांबता आले असते. पण डेव्हिड ह्यूम याने अभिरुचीच्या निकषावरील १७५७च्या निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट सांगितली आहे, ती अशा वेळी उपयोगी पडते. सँको पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातल्या मद्याची पारख करायला बोलावले. एक म्हणाला, उत्तम आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली.

किल्ली शोधायची म्हणून आम्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. स्टेअरिंग हलके आहे, ही वस्तुस्थिती दोघांनीही टिपली होती. त्यातला एक ती गाडी गंगावेशीच्या गर्दीत चालवत होता, दुसरी मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने. गर्दीत हलकेपणा हे सुख, वेगात तीच धास्ती. सीट ताठ आहे हेही दोघांनी टिपले. एकाची पाठ निरोगी होती, एकाची दुखरी. मते भिडत होती, निरीक्षणे भिडत नव्हती. आमच्या वर्गातली भांडणेही पुष्कळदा अशीच असतात. एकाच कादंबरीला एक विद्यार्थी संथ म्हणतो आणि दुसरा रेंगाळलेली म्हणतो, तेव्हा दोघांनीही गती कमी असल्याचेच नोंदवलेले असते. पुढचे सारे ज्याच्या त्याच्या रस्त्यावर अवलंबून. म्हणून न्यायदर्शनातल्या दोन अटींना आम्ही आमच्यापुरती तिसरी जोडली. सांगणाऱ्याला वस्तू ठाऊक हवी, खरे सांगण्याची इच्छा हवी, आणि तो कोणत्या रस्त्यावरून बोलतो आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक हवे.

बाबांची चिठ्ठी सर्वांत लहान होती. तीनच ओळी :

निळी : उतरलो.
राखाडी : उतरलो. उशीर लागला.
पांढरी : उतरवले.

आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाने यापेक्षा अधिक काही लिहिण्याची गरज नव्हती. पहिल्या दोन नोंदींत कर्ता ते स्वतः आहेत. तिसरीत कर्ता दुसराच कोणी आहे. पांढरी सर्वांत स्वस्त होती आणि कागदावर तिचे मायलेज सर्वांत जास्त होते. ते आकडे प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचे असतात, गंगावेशीतले नसतात, हे ठाऊक असूनही मोह पडावा इतका फरक होता. त्या एका प्रयोजक क्रियापदाने ती बाद झाली. याविषयी घरात चर्चा झाली नाही.

खरा पेच निळी आणि राखाडी यांच्यात होता. निळीचा मागचा दरवाजा जवळजवळ काटकोनात उघडत होता, सीट बाबांच्या मांडीच्या नेमक्या उंचीला होती. ते बसल्या जागी वळले, पाय खाली टेकले आणि उभे राहिले. राखाडीत उंबरा उंच होता. पुढच्या सीटची पाठ धरून, थांबत थांबत उतरावे लागले. प्रत्यक्षाचा कौल निळीच्या बाजूने स्पष्ट होता. पण मुलीच्या चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ होती : 'आजोबा निळीत खूश. पण ठोकर बसली तर?'

हा प्रश्न टेस्ट ड्राइव्हला विचारता येत नाही. गाडीचा सर्वांत वाईट दिवस कसा असेल याचा अनुभव घेऊन मग गाडी घेणे कोणालाच शक्य नाही. तेथे शब्दप्रमाणाशिवाय गती नाही. अशी साक्ष सामान्य ग्राहकाला मिळू लागली त्याला फार वर्षे झालेली नाहीत. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले तेव्हा प्रौढांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. डिसेंबर २०१८मध्ये भारतात तयार झालेल्या गाडीला प्रथमच पाच तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची व्यवस्था सुरू झाली. निळीला दोन तारे होते, राखाडीला पाच.

तरीही ताऱ्यांवर थांबणे आम्हाला पटेना. परीक्षणाच्या खाली छापलेले तारे मोजून पुस्तकाविषयी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला आपण परीक्षण वाचायला सांगतो. आम्ही अहवाल वाचले. समोरून होणाऱ्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतात. प्रौढ माणसांच्या बाहुल्या पुढच्या दोन सीटवर असतात आणि मागे असतात त्या लहान मुलांच्या बाहुल्या. म्हणजे मागच्या सीटवरील त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाविषयी हे तारे थेट काहीच सांगत नाहीत. सर्वांत विश्वासार्ह साक्षीदारालाही त्याचा स्वतःचा रस्ता असतो आणि त्या रस्त्यावर बाबा नव्हते. अहवालातले एक वाक्य मात्र सर्वांना लागू होते : निळीचा सांगाडा अस्थिर ठरला होता, राखाडीचा स्थिर. सांगाडा दुमडतो तेव्हा आत कोण कोठे बसले आहे हे तो पाहत नाही.

दुसरी गोष्ट पट्ट्याची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. गाडी महाग होती, भक्कम होती. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावावा हा नियम आधीपासून होता. पण मागची सीट ही सुरक्षित जागा आहे या समजुतीपुढे तो दुबळा पडत होता. आम्ही दोन्ही शोरूममध्ये पुन्हा गेलो आणि बाबांना फक्त पट्टा लावायला सांगितले. निळीत पट्ट्याची खाच सीटच्या गादीत बुडालेली होती. बाबांची बोटे ती चाचपडत राहिली. शेवटी मुलीने वाकून पट्टा अडकवला. राखाडीत ती खाच ताठ उभी होती. बाबांनी न पाहता पट्टा लावला आणि न पाहता सोडवला. म्हणजे एका गाडीत ते स्वतः उतरू शकत होते, पण स्वतःला बांधू शकत नव्हते. दुसरीत दोन्ही जमत होते, फक्त उतरायला वेळ लागत होता.

"वेळ माझा आहे," बाबा म्हणाले. "तो मी देतो."

राखाडी आमच्या अंदाजाच्या वर जात होती. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून ती आवाक्याच्या काठावर आली. आत आली नाही. काठावरून आत आणण्यासाठी ऑटोमॅटिक सोडून साधे गिअर असलेला प्रकार घ्यावा लागला. आमच्यापैकी जी अर्थशास्त्र शिकवते तिला ऑटोमॅटिक हवी होती. रोज दोन वेळा कावळा नाका ओलांडताना तिचा डावा पाय क्लचवर भरून येतो. तिच्या चिठ्ठीवर ते पहिल्या ओळीत लिहिलेले होते आणि ते कोणत्याही अर्थाने कमी महत्त्वाचे नव्हते. चार अभिप्रायांतून एक निर्णय निघाला म्हणजे चौघांचे समाधान झाले असे नव्हे. तो पाय आजही भरून येतो. समतोल निर्णय असे ज्याला म्हणतात त्यात कोणाचे तरी म्हणणे बाजूला ठेवलेले असते. ते कोणाचे, हे निदान घरातल्यांनी विसरू नये.

डिसेंबरात बाबा गावी जाऊन आले. पारासमोर गाडी थांबली तेव्हा दोघे-तिघे मदतीला धावले. बाबांनी त्यांना हाताने थोपवले आणि पुढच्या सीटची पाठ धरून, आपला वेळ घेत, ते उतरले. परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत. फुलेवाडी आली तेव्हा मात्र होळीला पुन्हा जाऊ म्हणाले.

आता आम्हीच आप्त झालो आहोत. सहकारी विचारतात, शेजारी विचारतात, पेट्रोल पंपावर अनोळखी माणूस काच खाली करून विचारतो : "गाडी कशी आहे, सर?" चांगली आहे, एवढे सांगून सुटता येईल. गाडी आम्हाला थोडीफार ठाऊक झाली आहे, आणि खोटे सांगण्यात काही लाभही नाही. पण विचारणाऱ्याचा रस्ता ठाऊक नसताना दिलेला अभिप्राय त्याच्या काय कामाचा? म्हणून आधी आम्हीच विचारतो, तुमच्या गाडीत मागे कोण बसते. बहुतेकांना हा प्रश्न अनपेक्षित वाटतो. काही जण हसतात. एक जण क्षणभर थांबून म्हणाले, "आई बसते. पण हल्ली ती येतच नाही कुठं."

त्यांना आम्ही आईला घेऊन टेस्ट ड्राइव्हला जायला सांगितले.